दोन गाद्या आणि वतनाची ओढ

१७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला आणि खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. धनाजी फितूर की निष्ठावंत, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला हा वादच पोकळ वाटतो. सरदारांत तट पडले त्याचे मूळ स्वभावात नव्हे, वतनात शोधावे.

शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता. राजाराम महाराजांना जिंजीहून राज्य राखायचे, तर वतनांची वचने देणे भाग पडले, कारण औरंगजेबही त्याच माणसांना तेच आमिष दाखवीत होता. मग सनद टिकवील तो धनी, असे झाले तर नवल काय?

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरचे 'आज्ञापत्र' (१७१५च्या सुमाराचे) हे रोखठोक सांगते. वतनदार हा लहानसा राजाच, परचक्र आले की वतनासाठी शत्रूला आधी भेटणारा. त्याला स्नेह आणि दंड यांच्यामध्ये ठेवावे. निदान अचूक आहे. पण जिंजीच्या काळात इकडचा कारभार 'हुकुमतपनाह' म्हणून पंतांनीच पाहिला होता, आणि बावड्याची जहागीर त्यांच्याच घराण्यात राहिली!

साताऱ्याने दंडापेक्षा हिशेबावर भिस्त ठेवली. १७१९मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाईत राजाची बाबती चतुर्थांश, सहोत्रा शेकडा सहा, नाडगौडा तीन, उरलेला मोकासा सरदारांचा. आणि एकेका परगण्यात अनेकांचे हिस्से गुंतलेले. शेजाऱ्याशी भांडावे तर स्वतःचाच वसूल अडे. बाळाजी विश्वनाथांची ही युक्ती मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठी वाटते.

मात्र ती जुन्या मुलखापुरतीच चालली. गुजरातेत नवा वसूल दिसताच पेशवे आणि सेनापती समोरासमोर आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला त्र्यंबकराव दाभाडे पडले. पुढे शाहूंनी माळवा पेशव्यांकडे, गुजरात दाभाड्यांकडे असा मुलूखच तोडून दिला.

त्याच महिन्यात, १३ एप्रिलला, कोल्हापूरशी वारणेचा तह झाला. नदी ही हद्द ठरली, हे शाळेत शिकवतात. त्यातले दुसरे कलम मला अधिक मोलाचे वाटते: एकाकडून निघून आलेला चाकर दुसऱ्याने ठेवू नये. चोवीस वर्षे रुसलेल्या सरदाराला पलीकडे एक दार उघडे होते. ते आता दोन्ही बाजूंनी लावून घेण्यात आले.