काचेचे पेपरवेट : संग्राहकाचा छंद आणि इतिहासाचे साधन

मेजावरील कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काचेचा गोळा इतिहासाचे साधन कसा ठरला आणि त्या साधनाच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८४५ साली व्हिएन्ना येथील औद्योगिक प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगाग्लिया याने नक्षीदार पेपरवेट मांडली. त्याच सुमारास फ्रान्समधील सेंट लुई, बाकारा आणि क्लिशी या कारखान्यांनी हे काम हाती घेतले. रंगीत काचेचे थर चढवून केलेली जाड कांडी तापवून ओढली, की ती पेन्सिलीसारखी बारीक होते. आतील नक्षी मात्र तशीच राहते. कांडीच्या आडव्या चकत्या मांडून त्या वितळलेल्या पारदर्शक काचेत बसविल्या जात. या नक्षीला इटालियन भाषेत ‘मिलेफिओरी’, म्हणजे सहस्र फुले, असे नाव आहे.

बहुसंख्य पेपरवेटांवर कारखान्याचे नाव नसे. त्यामुळे त्यांचा इतिहास प्रामुख्याने संग्राहकांनी जुळविला. अमेरिकेतील इव्हँजेलिन बर्गस्ट्रॉम यांनी १९४० साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा संग्रह विस्कॉन्सिन राज्यातील नीना येथे, १९५९ साली सुरू झालेल्या संग्रहालयात आहे. चकत्यांच्या आकारांची तुलना करून कारखाना ओळखण्याची पद्धत संग्राहकांनी रूढ केली. क्लिशीचा गुलाब हे तिचे सुपरिचित उदाहरण होय.

काही चकत्यांत ‘बी’ हे रोमन अक्षर व १८४७ सारखा सन आढळतो. हे अक्षर बाकारा कारखान्याचे आहे. चकत्या मांडणाऱ्या कारागिराचे नव्हे. शिवाय हा सन कांडीचा आहे. ती पुढील वर्षी वापरणे अशक्य नव्हते. म्हणजेच काचेतील सनालाही स्वतंत्र पुराव्याची जोड हवी.

बाकारा येथील चर्चच्या पायात ठेवलेले १८५३ सालचे पेपरवेट या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या वास्तूच्या अवशेषांतून ते १९५१ साली बाहेर आले. त्याचे स्थळ निश्चित असल्याने त्याच्या साक्षीला वेगळेच बळ आहे. याउलट, हातोहात विकल्या गेलेल्या पेपरवेटाचे पूर्वस्थान बहुधा हरवते. संग्राहकाने वस्तू वाचविली हे खरे. परंतु ती कोठून व कोणाकडून आली याची नोंद न ठेवल्यास वस्तू उरते आणि तिची साक्ष नाहीशी होते. दिसणारे सौंदर्य जपणे हा छंद होय. न दिसणारा पूर्वेतिहास नोंदविणे हे इतिहासकार्य होय.