एक साहित्यिक की डायरी

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–६४) यांचा लेखनप्रक्रियेवरील हिंदी गद्यसंग्रह. मुक्तिबोधांचे घराणे मराठी भाषक. मराठी कवी व समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे बंधू. संग्रहातील लेखन मुख्यतः जबलपूरहून निघणाऱ्या ‘वसुधा’ या मासिकातील सदराच्या रूपाने प्रसिद्ध झाले. व्यंग्यलेखक हरिशंकर परसाई त्याचे संपादक होते. पुस्तक १९६४ मध्ये भारतीय ज्ञानपीठाने प्रकाशित केले.

नाव डायरीचे असले, तरी यात रोजनिशीतल्या नोंदी नाहीत. लेखक एखाद्या मित्राशी वाद घालतो आणि त्या ओघात सिद्धांत आकार घेतो. ‘तीसरा क्षण’ या प्रसिद्ध लेखात केशव नावाच्या मित्राबरोबरच्या संवादातून निर्मितीचे तीन टप्पे उलगडतात : जीवनातील उत्कट अनुभव, त्या अनुभवाने आपल्या दुखऱ्या मुळांपासून अलग होऊन कल्पनाचित्राचे (फँटसीचे) रूप घेणे, आणि त्या चित्राचे शब्दांत उतरणे. तिसरा टप्पा सर्वांत दीर्घ व झगड्याचा. शब्दांना समाजाने दिलेले अर्थ आधीच चिकटलेले असतात. त्यांच्याशी झटताना मूळ चित्र बदलते, क्वचित समृद्धही होते. त्यामुळे पूर्ण झालेली कृती ही आरंभीच्या अनुभवाची नक्कल ठरत नाही.

लेखकाची प्रामाणिकता, आत्मपरीक्षण आणि मध्यमवर्गीय जगण्याची कोंडी हेही या संग्रहाचे विषय आहेत. हिंदी समीक्षेत ‘तीन क्षणां’ची ही मांडणी निर्मितिप्रक्रियेच्या चर्चेत पायाभूत मानली जाते.