गळ, पाग आणि रापण

लोंढ्याचे नाव काढले म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते रेल्वेचे जंक्शन. बेळगावकडून येणारा, धारवाडकडून येणारा आणि गोव्याकडे उतरणारा असे तीन लोहमार्ग जेथे एकमेकांस भेटतात, असे हे रानातले गाव. येथून पश्चिमेस तिनईघाट, त्यापुढे कॅसलरॉक, मग दूधसागरच्या धबधब्याला वळसा घालून गाडी कुळ्यास उतरते आणि शेवटी मुरगावच्या बंदरात जाऊन थांबते. समुद्र येथून दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. तथापि घाटमाथ्यावरच्या या मुलखाने समुद्राचे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले आहे. ज्या जाळ्यातून ते अन्न वर आले, त्या जाळ्याची हकीकत आज सांगावयाची आहे. किनाऱ्यावर उभे राहून मासे धरणाऱ्या माणसाने आपले साधन कसे निवडले, आणि त्या निवडीबरोबर आणखी काय काय निवडले गेले, हा या हकीकतीचा गाभा होय.

आरंभ एका राजापासून करावा लागतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्याने इसवी सनाच्या बाराव्या शतकात, सुमारे ११२९ साली, ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य मिळविण्यापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींच्या शिक्षणापासून संगीतापर्यंत सारे काही आहे. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे. परंतु याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला, तेव्हा कोठे विद्वानांना कळले की, गळाने मासे धरण्याच्या विद्येचा इतका तपशीलवार विचार आपल्याकडे आठ-नऊशे वर्षांपूर्वी झालेला होता. माशांची समुद्रातले व गोड्या पाण्यातले अशी वर्गवारी, खवले असलेले व नसलेले हा भेद, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, हे सर्व तेथे आले आहे. गळ टाकण्यापूर्वी माशाला चारून त्या जागेची सवय लावावी, हेही राजाला ठाऊक होते.

कल्याणीसारख्या समुद्रापासून दूरच्या राजधानीत बसून या राजाला खाऱ्या पाण्यातल्या माशांची माहिती कोठून मिळाली असेल? याला लेखी पुरावा नाही, पण एक नाते लक्षात घेण्यासारखे आहे. सोमेश्वराची बहीण मैलालमहादेवी ही गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याला दिलेली होती. या कदंबांच्या सत्तेखाली एकीकडे गोव्याचा किनारा होता आणि दुसरीकडे हलशीचा प्रदेश, म्हणजे आजच्या खानापूर तालुक्याचाच मुलूख. लोंढा त्याच तालुक्यात येते. तेव्हा किनारा आणि घाटमाथा यांची सोयरीक रेल्वेने जुळविली असे कोणी म्हणू लागल्यास, ती त्याहून साडेसातशे वर्षे जुनी आहे हे त्याला सांगावे.

राजाचा गळ विनोदासाठी होता. कोळ्याचा, गाबिताचा, खारव्याचा गळ पोटासाठी. पण विचार तोच करावा लागे. किनारा पाहावा, पाणी पाहावे, मासा कोणता हे ओळखावे आणि मग हाती काय घ्यावयाचे ते ठरवावे. कोकणात या कामाला ‘गरवणे’ असा सुटसुटीत शब्द आहे, आणि गरवणारा पहिल्याने पंचांग पाहतो. तिथीच्या अंकाला पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पाणी भरावयाचे. घड्याळाच्या काट्याशी तो नेमका जुळत नाही, स्थळपरत्वे थोडेफार अंतर पडते, परंतु घरून केव्हा निघावे हे सांगण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप चढते व खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंद असते. ओहोटीला उघडे पडलेले खडक, त्यांतील घळी आणि शिंपल्यांच्या जागा ज्याने डोळ्यांत साठविल्या, त्याला भरतीच्या वेळी मासा कोठे चरावयास येणार हे पुन्हा सांगावे लागत नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तेव्हा पाणी निवांत असते आणि दोरीही लांब जाते. दुपारी खारा वारा उलटला की काम अवघड होते.

खडकाळ किनाऱ्यावर गोबरा आणि तांबोशी हे बलदंड मासे. गळ लागला की हे थेट बिळाकडे धाव घेतात, आणि दोरी खडकावर घासून तुटते. म्हणून येथे दोरी जाड, गळ मोठा, आणि मासा लागताक्षणी त्याला वर उचलण्याची तयारी हवी. चतुर गरवणारा वजनाचा दगड निराळ्या कच्च्या दोऱ्याने बांधतो; दगड कपारीत अडकला तर दगडच जातो, गळ आणि मासा हाती राहतात. वाळूच्या किनाऱ्यावर याच्या अगदी उलट. तेथे लाटेच्या मागे तळाशी चरणारी मुडदुशी असते, तिचे तोंड लहान. बारीक गळ, बारीक दोरी आणि कोळंबीचा किंवा गांडुळाचा तुकडा. मात्र लाटेने ओढून नेऊ नये म्हणून शिसे जड. खाडीच्या मुखाशी गढूळ पाण्यात शेंगाळा सापडतो. त्याला वासाचे आमिष लागते. त्याच्या काट्याची जखम ज्याला एकदा झाली, तो पुढे त्याला गळावरून सोडविताना फार सभ्यपणे वागतो!

खाडीच्या उथळ पाण्यात बोयींचा थवा दिसला तर गळाचा उपयोग नाही. तेथे पाग हवा. घेराला शिशाच्या मण्या लावलेले हे गोल जाळे एकटा माणूस खांद्यावर, कोपरावर आणि प्रसंगी दातांत धरून असे फेकतो की, ते हवेत छत्रीसारखे उघडून थव्यावर पडते. मनगटाला बांधलेली दोरी हळूहळू ओढली म्हणजे शिसे तळाशी जवळ येते आणि मासे आत कोंडले जातात. ही कला शब्दांनी शिकविता येत नाही. खडकावर मात्र पाग टाकू नये; मासा मिळेल न मिळेल, जाळे निश्चित फाटेल.

नायलॉन येण्यापूर्वी ही सारी दोरी आणि जाळी कापसाच्या सुताची, तागाची आणि काथ्याची असत. खाऱ्या पाण्याने सूत कुजते, म्हणून ऐनाची साल पाण्यात उकळून त्या काढ्यात जाळी वारंवार बुडवीत, आणि वाळवून पुन्हा बुडवीत. ऐन हा सह्याद्रीच्या रानातला वृक्ष. लोंढा-खानापूरच्या माणसाला त्याची ओळख करून द्यावयास नको. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचे ते झाड रानात उभे असते, आणि त्याच जातीच्या झाडाच्या सालीने किनाऱ्यावरची जाळी तांबूस होऊन टिकत. घाटाचे आणि समुद्राचे देणेघेणे असे दुहेरी होते.

आता या साधनांचा राजा, तो म्हणजे रापण. गळ एकट्याचा, पागही एकट्याचा. रापण हे गावाचे जाळे. पावसाळा सरला, नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत झाला की बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागतात. मालवणपासून गोव्यापर्यंत आणि पुढे कारवारच्या किनाऱ्यावर जाणते डोळे तेव्हा पाण्यावर खिळलेले असत. पाण्याचा रंग पालटला, पक्षी एका जागी घिरट्या घालू लागले, पृष्ठभाग पावसाचे थेंब पडल्यासारखा थरथरला, की हाक पडे. दोराचे एक टोक काठावर ठेवून होडी निघे; वल्ही मारीत आणि जाळे सोडीत ती थव्याला अर्धवर्तुळाकार वेढा घाली आणि दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागे. जाळे शेकडो वाव लांब. वरच्या कडेला हलक्या लाकडाचे ठोकळे, खालच्या कडेला वजन, आणि मध्यभागी खोळ. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा. ओढताना दोन्ही बाजू सारख्या यावयास हव्यात. एक पुढे गेली की खोळ वाकडी होते आणि थवा निसटतो. हे ओढणे तासन्‌तास चाले.

असले जाळे एका घराने विणावे म्हटले तर विणणे शक्य नव्हते, आणि विणले तरी ओढणे शक्य नव्हते. म्हणून रापणीचे तुकडे घरोघरी वाटलेले असत. प्रत्येक घर आपला तुकडा विणी, रंगवी, सांधी. हंगामाला सगळे तुकडे जोडून एक जाळे होई. मिळकतीचेही तसेच वाटे पडत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. ज्याच्यापाशी ना होडी ना जाळे, अशा म्हाताऱ्याने किंवा पोराने दोराला हात लावला तरी त्याच्या टोपलीत चार मासे पडत. या व्यवस्थेत भांडणे नव्हती असे मुळीच नाही. आधी कोणाची रापण लागावी यावरून गावागावांत वाकडे येई, आणि धनकोच्या हाती गेलेल्या रापणीत वाटे सारखे राहत नसत. पण ज्या साधनाला पन्नास-पाऊणशे माणसे लागतात, त्या साधनाचे उत्पन्न पन्नास-पाऊणशे घरांत गेल्यावाचून राहत नाही. माझ्या मते रापणीचे खरे महत्त्व तिने पकडलेल्या मासळीपेक्षा या वाटपात आहे.

रापण पोर्तुगिजांनी आणली काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ‘शावेगा’ नावाचे अशाच तऱ्हेचे जाळे आहे खरे. पण केरळात कंबवला आहे, तमिळ किनाऱ्यावर करमडी आहे, सिंहलद्वीपातही किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे आहे. सपाट वाळूचा किनारा आणि थव्याने काठाशी येणारा मासा एकत्र आले, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या माणसांच्या बुद्धीला एकच जाळे सुचावे यात आश्चर्य नाही.

एका ओढीत टोपल्यांच्या टोपल्या बांगडा काठावर पडला म्हणजे त्याचे करावयाचे काय? येथे मीठ येते, आणि मिठामागून लोंढा येते. बर्फाची सोय नव्हती तेव्हा घाटावर ताजी मासळी येणे दुष्कर. येई ती खारवलेली किंवा सुकविलेली. रामघाटासारख्या वाटांनी लमाणांचे तांडे मीठ वर आणीत आणि धान्य खाली नेत. पुढे १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याने मुरगावची रेल्वे पदरात पडली, पण त्याच तहाने गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा बसला आणि त्याबद्दल पोर्तुगिजांना सालीना चार लाख रुपये मिळू लागले. हा तह १८९२ साली संपला. ब्रिटिश हद्दीत मिठावरचा कर १८८२ साली मणाला दोन रुपये होता, तो १८८८ साली अडीच रुपये झाला. मासळी खारविणाऱ्याला मीठ हे चवीपुरते लागत नाही, माशाच्या वजनाशी तुलना करण्याइतके लागते. म्हणजे गाडी आली तीही १८८८ साली आणि मीठ महागले तेही १८८८ साली! एका हाताने बाजार जवळ आणला आणि दुसऱ्या हाताने मालाची किंमत वाढविली. तरीही लोहमार्गाने दूरचे गिऱ्हाईक मिळवून दिले हे मान्य करावयास हवे. १९५५ साली गोव्याशी रेल्वे वाहतूक बंद झाली, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यानंतरच ती पुन्हा सुरू झाली.

मुक्तीनंतरच्या काळात यांत्रिक नौका वाढल्या, ऐनाच्या सालीची गरज नायलॉनने संपविली, आणि सरकारने यांत्रिक होड्यांना साह्य दिले. सुधारणा म्हणून हे सारे स्वागतार्हच वाटले. परंतु ट्रॉलर खोल समुद्रात न जाता काठाशीच तळ खरवडू लागले. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १९७५ च्या सुमारास पर्ससीन जाळे आले. हे जाळे थव्याला समुद्रातच गाठते, त्याच्याभोवती फिरते आणि खालची दोरी आवळून बटव्यासारखे मिटते. थवा काठापर्यंत पोहोचतच नाही. रापण मात्र थव्याची वाट पाहणारे जाळे. ते थोड्याच वर्षांत कारवारकडच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. जेथे पाऊणशे माणसे ओढीत, तेथे वीस-पंचवीस माणसांची नौका पुरेशी झाली. उरलेल्यांनी नौकेवर मजुरीस जावे किंवा गाव सोडावे.

गोव्यात मात्र रापणकार स्वस्थ बसले नाहीत. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ उभा राहिला. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, समुद्रावर झटापटीही झाल्या. १९७८ साली देशभरच्या मच्छीमारांची संघटना उभी राहिली तीत साल्ढाणा अग्रभागी होते. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली आला, महाराष्ट्राचा १९८१ साली. काठालगतचा पाण्याचा पट्टा लहान मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व त्यांतून मान्य झाले. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले, आणि प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. कायदा कागदावर आहे. रात्री समुद्रावर त्याची राखण कोण करणार, हा वाद मालवणपासून काणकोणपर्यंत अद्याप मिटलेला नाही.

रापण मालवणच्या बाजूला आणि गोव्याच्या काही किनाऱ्यांवर अजून लागते. दोर नायलॉनचा झाला आहे, ओढणाऱ्यांत घरची माणसे थोडी आणि मजुरीवरची अधिक आहेत, आणि पाहुणे छायाचित्रे घेण्यास भोवती जमतात. त्यांच्यापैकी एखादा हौसेने दोराला हात लावतो. खोळ वाळूवर आली म्हणजे त्याच्यापुढेही पानावर दोन बांगडे ठेवले जातात, आणि ते घ्यावे की नाही हे त्याला समजत नाही.