रक्ताच्या फेसाचं कूळ

कर्जत-खालापूरकडच्या मटणाच्या दुकानातलं काळीज, दिल आणि फोपसं पाण्याच्या पातेल्यात सोडा. काळीज आणि दिल तळाला बसतात, फोपसं म्हणजे फुप्फुस तरंगतं. ते कापलं की सुरीच्या मागोमाग गुलाबी फेस येतो. फुप्फुसाच्या नावाचं कूळ वैद्याच्या पोथीआधी खाटकाच्या सुरीशी शोधावं, असं माझं ठाम मत आहे.

सुश्रुतसंहितेत फुप्फुस रक्ताच्या फेसापासून झाल्याचं म्हटलं आहे. तिथेच हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुप्फुस, तर उजवीकडे यकृत आणि क्लोम अशी मांडणी आहे. या क्लोमावरून वैद्यांत जुना वाद आहे. त्याचा तहानेशी संबंध जोडलेला असल्याने कुणी त्याला स्वादुपिंड मानतात. पण डावीकडे फुप्फुस असेल तर उजवीकडे त्याचाच जोडीदार हवा. भाषाशास्त्रही हेच सांगतं: संस्कृत क्लोमन्, ग्रीक प्लेउमोन आणि लॅटिन पुल्मो हे शब्द एकाच घरचे, आणि त्यांचं मूळ ‘प्लवन’मधल्या तरंगण्यात शोधलं जातं. पुढच्या ‘म’मुळे आपल्याकडे आरंभीच्या ‘प’चा ‘क’ झाला. इंग्रजीतला ‘लंग’ही हलकेपणावरूनच आला.

यावर आक्षेप असा, की ‘फुप्फुस’ तर उघडच फू-फू या आवाजावरून आलेला. मान्य. पण ग्रीकांनीही ‘प्नेउमा’ म्हणजे श्वास या शब्दाच्या ओढीने प्लेउमोनचा प्नेउमोन केला. दोन्हीकडे तरंगणारं नाव मागे पडलं आणि फुंकरीचं उरलं. आपल्या ‘फोपशा’ अंगात मात्र तो पोकळ हलकेपणा अजून आहे.

सुश्रुताला रक्ताभिसरण ठाऊक होतं, असा दावा यातून निघत नाही. तो शोध पुढे इब्न अल-नफीस, 1628 चा हार्वे आणि 1661 चा माल्पिघी या क्रमाने लागत गेला. तरी रक्त आणि हवा तिथे एकत्र येतात, हे फेसाचं निरीक्षण पक्कं होतं. उजव्या हृदयातलं काळसर रक्त कोट्यवधी वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत पसरतं, अतिपातळ पडद्याआडून प्राणवायू घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि लालभडक होऊन डाव्या हृदयात परततं. विश्रांतीत मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त या वाटेने जातं. माथेरानला दस्तुरीवरून हातरिक्षा ओढत चढणाऱ्याचं ते कितीतरी पटींनी वाढायचं. त्याला धाप लागायची तेव्हाच छातीही धडधडायची, आणि मराठी त्या दोन्हींना मिळून एकच शब्दप्रयोग वापरते: ऊर धपापतो.