सराई आणि धर्मशाळा

ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेत धर्मशाळेची कथा कशास हवी, असे एखादा वाचक विचारील. त्याने लूकच्या शुभवर्तमानातील तो उतारशाळेचा धनी आठवावा. शोमरोनी मनुष्य दोन दीनार देऊन आपल्या वाटेने गेला. जखमी वाटसरूची पुढील शुश्रूषा त्या धन्यावरच पडली.

पश्चिमेकडे मुक्काम, भोजन आणि मद्य ही बहुधा एकाच छपराखाली विकली जात. आपल्या मुलखात मद्याचे दुकान कलालाचे, सराईतील शिजले अन्न दाम घेऊन वाढणारा भटियारा निराळा, आणि धर्मशाळा कोणा दानशूराची, बिनभाड्याची. ही वाटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई ह्या गावाच्या नावात तो जुना शब्द अद्याप नांदतो. तेथे सैलानी बाबांच्या दर्ग्यास होळीच्या सुमारास जत्रा भरते, आणि हिंदु-मुसलमान दोघेही उतरतात.

पुढे आगगाडी आली. १८६७ साली ती नागपुरास पोहोचली, व १८७० साली जलंबहून खामगावच्या कापूसबाजारास फाटा निघाला. त्याच मुख्य लोहमार्गावर शेगाव आहे. तेथे १८७८ साली गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले, ते उष्ट्या पत्रावळीतील शिते वेचून खाताना, असे सांगतात. १९०८ साली संस्थान स्थापन झाले. १९१० साली महाराजांनी समाधी घेतली. आज तेथील भक्तनिवासांत अल्प मोबदल्यात खोली मिळते, महाप्रसाद विनामूल्य मिळतो, आणि असंख्य सेवेकरी वेतन न घेता पाळीपाळीने झाडलोट व वाढप करितात.

परंतु पुण्याच्या ह्या वास्तूंवर एक डागही होता, आणि तो झाकणे आम्हांस उचित वाटत नाही. कित्येक धर्मशाळांचे दार अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंस बंद असे. विठ्ठलाच्या ओढीने शेकडो कोस चालून आलेला मनुष्य पंढरपुरात उघड्यावर निजे. ही गोष्ट मनाला लागली ती आपल्याच वऱ्हाडातील, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या. हातात खराटा घेऊन गावोगाव झाडीत व कीर्तनातून दारूचा निषेध करीत फिरणाऱ्या ह्या पुरुषाने लोकांच्या देणगीतून पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारिली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या हवाली केली. इतक्या धर्मशाळा बांधूनही स्वतः ते झोपडीतच राहात.