अंगठा लागत नाही? आधी बघा, अडलंय कुठं

पीएम किसानची ई-केवायसी, पेन्शनचा हयातीचा दाखला किंवा आधारवरून पैसे काढणं, अशा कामांना सेवा केंद्रात अंगठा लावावा लागतो. पुष्कळदा ‘होत नाही, उद्या या’ असं ऐकून माणूस परततो. दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. पण या ‘होत नाही’चे दोन अर्थ असतात.

वेबसाइट ब्राउझरमध्ये चालते. यूएसबीला लावलेल्या अंगठ्याच्या यंत्राशी ती थेट बोलत नाही. मध्ये ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. तो केंद्रातल्या कॉम्प्युटरवरच, 11100 ते 11120 पैकी एका पोर्टवर चालू असतो. वेबसाइटने त्याला सांगितलं की यंत्राचा लाइट लागतो आणि ठसा घेतला जातो. त्यावर वेळ नोंदवून लगेच कुलूप लावलं जातं. एल-1 प्रकारच्या यंत्रात हे यंत्राच्या आतच होतं. वेबसाइटला फक्त बंद पाकीट मिळतं. ते आधारच्या यंत्रणेतच उघडतं.

यंत्रच सापडत नसेल तर

‘डिव्हाइस नॉट रेडी’ असं आलं तर बोटाचा दोष नाही. केंद्रचालकाने केबल, आरडी सर्व्हिस आणि तिच्या नोंदणीची मुदत तपासावी. क्रोमच्या नव्या आवृत्तीत स्थानिक जोडणीची परवानगी विचारली जाते. तिथे चुकून ‘ब्लॉक’ दाबलं तरी यंत्र सापडत नाही. कॉम्प्युटरची तारीख-वेळ चुकीची असेल, तर ठसा घेतला जातो पण पाकीट नाकारलं जातं.

ठसा जुळत नसेल तर

स्क्रीनवर 300 आकडा आला, तर यंत्र ठीक आहे, ठसा जुळलेला नाही. शेतात राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, चिरा पडतात. हात धुऊन कोरडे करावेत, दुसरं बोट लावून बघावं. 330 आला, तर आधारधारकाचं बायोमेट्रिक लॉक आहे. ते आधारच्या अ‍ॅपवरून उघडता येतं.

तरीही जमलं नाही, तर पीएम किसानची ई-केवायसी मोबाइलच्या ओटीपीने किंवा चेहरा दाखवून होते. हयातीचा दाखलाही चेहऱ्यावरून निघतो. ठसे नेहमीच अडत असतील, तर आधार केंद्रात जाऊन ते नव्याने नोंदवून घ्यावेत.

म्हणून केंद्रातून परत फिरण्याआधी एवढंच विचारा: स्क्रीनवर काय आलं?