गोव्याचे दोन कौल

आमच्या कोल्हापुरातील ज्या कुटुंबांची मुळे गोव्यात आहेत, त्यांच्या घरी गेले असता एक प्रश्न अद्यापही कानी पडतो: ‘फादर, आपण खरे कुठले?’ या प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांस 1963 आणि 1967 या दोन सालांकडे वळावेसे वाटते.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला आणि 9 डिसेंबर 1963 रोजी तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. एकूण जागा 30. त्यांपैकी गोव्यात 28, दमण व दीव येथे प्रत्येकी 1. महाराष्ट्रात विलीनीकरण हे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे ध्येय होते, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष गोव्याच्या वेगळेपणासाठी उभा होता. मगो पक्ष व त्याचे सहकारी यांना 16 आणि युनायटेड गोवन्सला 12 जागा मिळाल्या. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला, तिला गोव्याच्या भूमीवर एकही जागा लाभली नाही. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

या कौलाचा अर्थ पुष्कळांनी सोपा करून टाकला: हिंदू मराठीचे, कॅथलिक कोंकणीचे. वस्तुतः मगो पक्षामागे उभा राहिलेला बहुजन समाज कुळांच्या हक्कांसाठी आणि गावोगावच्या शाळांसाठीही उभा होता; 1964 चा कूळकायदा त्यातूनच आला. आणि मराठी परधर्मीयांची म्हणावी, तर ज्या सासष्टीने सिक्वेरांना साथ दिली, त्याच सासष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले व ते 1616 मध्ये छापले गेले. त्याच धर्मगुरूने कोंकणीचे व्याकरणही लिहिले. एका लेखणीत दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. भांडण पुढे आम्ही माणसांनी उभे केले.

विधानसभेतील बहुमतावर विलीनीकरण ठरू नये, प्रत्यक्ष जनतेलाच विचारावे, असा सिक्वेरा यांचा आग्रह होता. अखेर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले, राष्ट्रपती राजवट आली आणि 16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. फुलाला 1,38,170 आणि दोन पानांना 1,72,191 मते पडली. अंतर 34,021 मतांचे.

गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. दोन पानांना मात्र चोपन्न टक्के मते मिळाली. म्हणजे सहस्रावधी हिंदू बांधवांनीही वेगळ्या गोव्याची बाजू घेतली. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाविरुद्ध झुंजले, आणि तेही मराठी भाषेतच! यावरून मराठीवरील प्रेम आणि राज्याची सीमा या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दिसून येते. पुढे मार्च 1967 मध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्याच जनतेने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसविले. त्यांचे राज्य हवे होते, विलीनीकरण नको होते. सामान्य माणसाचा हा विवेक आम्हांस विस्मित करतो.

गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही या कौलात मत असावे, ही मागणी मान्य झाली नव्हती. त्यामुळे कोल्हापुरासारख्या ठिकाणी पोटासाठी आलेल्यांना आपल्या जन्मभूमीविषयी चिठ्ठी टाकता आली नाही. इकडे 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेही रयतेच्या मतदानाविनाच. अशा रीतीने आमच्यातील काही घराण्यांच्या वाट्याला दोन्हीकडे मौनच आले.

मग आपण कुठले? आमचे नम्र उत्तर असे की, ज्या मातीत आपली मुले शिकतात आणि आपले मृत पुनरुत्थानाच्या आशेने विसावतात, त्या मातीचे आपण. कोंकणीत रोझरी म्हणणाऱ्या आजीला आणि मराठीत मिस्सा म्हणणाऱ्या नातवाला एकमेकांची लाज वाटू नये. जी निवड गोव्याने पेटीत चिठ्ठ्या टाकून केली, ती आपल्याला घरातील बोलण्यातून, शेजाऱ्याशी वागण्यातून रोज करावी लागते. तेथे कोणतीही भाषा पराभूत होण्याचे कारण नाही.